फादर स्टीफन्स आणि कुंकळ्ळीची जखम



शिरपूर जैनचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर 1981 पासून 42 वर्षे कुलूपबंद होते, हे आपण जाणतोच. भांडण एकाच धर्माच्या दोन पंथांचे. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडले आणि काही दिवसांतच पुन्हा मारामारी झाली. अहिंसा शिकवणाऱ्या धर्मात असे कसे? दोष धर्माचा की माणसांचा? शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यापूर्वी आम्ही आपल्याच घरातील एका माणसाचे चरित्र पुन्हा वाचले.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. तेथे तेव्हा कॅथॉलिकांचा छळ होत होता, तोही ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडून. रोमला जाऊन ते येशूसंघीय झाले व 1579 साली गोव्यात आले. पुढील आयुष्य बहुतांशी साष्टीत गेले.

साष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी फादर रुडॉल्फ आक्वाविवा व इतर चार येशूसंघीयांना ठार मारले. त्यांचे मृतदेह मिळवून फादर स्टीफन्स यांनी दफन केले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि बहुतेकांना मारले. त्या पाच हुतात्म्यांचा सण ख्रिस्तसभा पाळते. असोळण्याला मेलेल्यांसाठी आपण कधी प्रार्थना केली आहे का?

फादर स्टीफन्स लोकांची भाषा शिकले. नवख्रिस्ती आपल्या जुन्या पुराणांसारखे काही मागत होते. त्यांच्यासाठी त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, सुमारे 11 हजार ओव्या. 1616 साली ते राशोलला छापले गेले.

तेही मूर्तिपूजा चूकच मानत आणि त्याच सत्तेच्या छायेत राहत, हे लपवू नये. म्हणून काही माणसे वाईट होती, धर्माचा काय संबंध, हे उत्तर आम्हांला फार सोपे वाटते. देवळे पाडणारेही क्रूसच पुढे करत होते. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी क्षमा मागितली, ती ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल. लेकरांची पापे आईपासून इतकी वेगळी काढता येतात का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

फादर स्टीफन्स 1619 साली वारले. 1684 साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकभाषेवरच बंदी घातली. त्यांच्या हयातीत छापलेल्या ख्रिस्तपुराणाची एकही प्रत आज सापडत नाही. भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून ते 1907 साली मंगळूरला पुन्हा छापले गेले.