स्क्रॅच टेस्टमागचा माणूस: फ्रीड्रिख मोह्स आणि तुमच्या दातांमधलं खनिज

फोनच्या रिव्ह्यूमध्ये हे तुम्ही ऐकलंच असेल: स्क्रीनवर लेव्हल ६ ला बारीक ओरखडे, लेव्हल ७ ला खोल. या लेव्हल्स ठरवल्या २०० वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाने. त्याचं नाव फ्रीड्रिख मोह्स.

जन्म २९ जानेवारी १७७३, गाव गेर्नरोडे. आधी हाले विद्यापीठात आणि मग फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत तो शिकला. तिथे त्याचा गुरू होता आब्राहाम वेर्नर. याच वेर्नरने १७८६ साली एका कॅल्शियम फॉस्फेट खनिजाला ॲपाटाइट हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फसवणं. हे खनिज दुसऱ्याच खनिजांसारखं दिसायचं आणि लोक गंडायचे.

१८०२ च्या सुमारास मोह्स ऑस्ट्रियात गेला. तिथे एका बँकरच्या खासगी संग्रहातली खनिजं ओळखून त्यांची यादी करायचं काम होतं. एकाच खनिजाचे अनेक रंग असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मोह्सने भर दिला तो आकार, कठीणपणा, घनता अशा तपासता येणाऱ्या गुणांवर.

१८१२ मध्ये तो ग्राझला प्राध्यापक झाला. याच काळात त्याने १० खनिजांची क्रमवारी लावली. नियम सोपा: जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो, तो वरचा. १ ला टाल्क, ७ ला क्वार्ट्झ, १० ला हिरा. आणि ५ ला ॲपाटाइट! गुरूने ज्याला फसवं म्हटलं, त्याला शिष्याने पक्का नंबर दिला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे रँकिंग आहे, मोजमाप नाही. हिरा ९ नंबरच्या कोरंडमपेक्षा एकच पायरी वर दिसतो, पण प्रत्यक्षात कित्येक पट कठीण असतो.

पुढे मोह्स फ्रायबर्गला वेर्नरच्याच जागेवर आला, मग व्हिएन्नाला गेला. २९ सप्टेंबर १८३९ ला इटलीतल्या आगोर्दोमध्ये तो वारला.

आता आपल्या कामाचं. दाताच्या एनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, आणि ते ॲपाटाइटच्याच कुटुंबातलं हायड्रॉक्सीॲपाटाइट. हाडांतही हेच असतं, म्हणून इम्प्लांटवर त्याचा थर देतात. म्हणजे दात साधारण ५ वर. वाळू-विटेच्या पुडीतलं क्वार्ट्झ ७ वर. अंधेरी ते मुलुंड सगळीकडे बांधकामं चालू आहेत. तीच धूळ खिशात जाऊन स्क्रीन खराब करते. आणि विटेच्या पुडीने दात घासले, तर एनॅमलचंही तेच होतं.

स्क्रीन बदलून मिळते. एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही.