न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी : मदरशातून इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा



आपल्या जालना जिल्ह्यात घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडे थोडे बसलात, तर निजामाच्या राजवटीतले तीन शब्द आपल्या कानी पडतील : तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली शाळा आणि फोकानिया म्हणजे हायस्कूल. त्या काळी वस्तानियाच्या उंबरठ्यावर मराठी बोलणाऱ्या घरातील मुलांची मोठी कुचंबणा होई, कारण वरचे शिक्षण उर्दूतून होते. आज चित्र पालटले आहे. आता उर्दू प्राथमिक शाळेतून निघालेले आपले मूल पाचवीत किंवा आठवीत मराठी वा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते आणि पहिले काही महिने त्याला फळ्यावरचे अर्धेही उमजत नाही. चाचणीत गुण कमी पडतात. घरी चर्चा सुरू होते, की याच्या नशिबी शिक्षण नाही, दुकानावर बसवावे किंवा गॅरेजवर धाडावे. मुलगी असेल तर ही चर्चा फार वेळ चालतही नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे एका अशा मुलाचे चरित्र ठेवावेसे वाटते, ज्याला अशी मधली पायरी एकदा नव्हे, दोनदा चढावी लागली.

बद्रुद्दिन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे, मूळचे खंबायतचे. वडील मुल्ला तय्यबअली व्यापारी होते. मुंबईत त्यांनी व्यापार वाढविला, पण त्यांची खरी कमाई मुलांचे शिक्षण हीच म्हटली पाहिजे. इंग्रजी शिकले की मूल धर्मापासून दूर जाते, असा समज तेव्हा समाजात घट्ट रुजलेला होता. अशा वेळी या धर्मनिष्ठ गृहस्थाने आपल्या मुलांना एकामागून एक समुद्रापार शिक्षणासाठी पाठविले. थोरले बंधू कमरुद्दिन इंग्लंडमध्ये सॉलिसिटरची परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. घरातले एक मूल पुढे गेले की मागच्यांची वाट किती सोपी होते, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच घरी पाहिले असेल.

बद्रुद्दिन यांचे पहिले शिक्षण मदरशात झाले. तेथे उर्दू, फारसी आणि धर्मशिक्षणाचा पाया घातला गेला. त्यानंतर त्यांना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घालण्यात आले. आता वाचकहो, क्षणभर त्या मुलाच्या जागी आपल्या मुलाला उभे करून पाहा. शाळेची रीत वेगळी, पुस्तके परक्या भाषेतली, वर्गात आपल्या जमातीची मुले अगदी थोडी. बरोबरीची बहुतेक मुले पारशी आणि हिंदू घरांतील होती. त्यांच्या घरी इंग्रजी शाळेची ओळख आधीच झालेली होती. अशा ठिकाणी मुलाची बुद्धी जितकी कामी येते, तितकाच घरचा धीरही कामी येतो, असे मला वाटते. हा मुलगा मागे फिरला नाही, यात त्याच्या वडिलांचा वाटा मोठा आहे.

दुसरी पायरी अधिक अवघड होती. 1860 साली, सोळा वर्षांचे असताना, बद्रुद्दिन लंडनला गेले. तेथील हायबरी भागातील एका विद्यालयात राहून त्यांनी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकची तयारी केली. या परीक्षेला लॅटिन सक्तीचे होते. म्हणजे ज्याने फारसीपासून आरंभ केला, त्याला आता इंग्रजीच्या जोडीला आणखी एक परकी भाषा मुळाक्षरांपासून शिकावी लागली! ते परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1863 साली बॅरिस्टरीसाठी मिडल टेंपलमध्ये दाखल झाले.

आणि नेमके याच वेळी डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी क्षीण झाली की 1864 च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. घरी बसून जवळजवळ एक वर्ष गेले. बरोबरीचे विद्यार्थी पुढे निघून गेले असतील, नातेवाइकांनी सल्लेही दिले असतील. पण 1865 च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, सुटलेला धागा हाती घेतला आणि एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी मुंबईस येऊन त्यांनी वकिली सुरू केली. मुंबईच्या हायकोर्टात ते पहिले हिंदी बॅरिस्टर होते.

पुढचा मानसन्मान थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात मिळेलच. मुंबईची महापालिका, विद्यापीठाची सिनेट, विधिमंडळ या सर्व ठिकाणी त्यांनी काम केले. फिरोजशहा मेहता आणि न्या. काशिनाथपंत तेलंग यांच्यासोबत त्यांचे नाव घेतले जाई. 1887 साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले मुसलमान. 1895 साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1902 साली त्यांनी काही काळ मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यात आधी नाकारला गेलेला जामीन मंजूर करणारे न्यायाधीश हेच. मराठी वाचकांनी एवढे तरी विसरू नये.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम वेगळेच आहे. आपण ज्या पायरीवर अडखळलो, तेथे इतरांनी पडू नये, ही कळकळ त्यांच्या मनात होती. 1874 साली बंधू कमरुद्दिन, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद आदी सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. मकतबात कुराणशरीफ आणि थोडे उर्दू शिकलेला मुलगा सरकारी शाळेत गेला की तेथे गुजराती किंवा मराठीतून शिक्षण चाले, त्यामुळे तो मुलगा गळत असे. म्हणून या दोहोंच्या मध्ये पूल हवा होता. 1880 साली बाबुला टँक भागात अंजुमनची पहिली शाळा उघडली, तेव्हा सव्वाशेच्या आतबाहेर मुले होती. धर्मशिक्षण सोडायचे नाही आणि इंग्रजी विद्याही टाळायची नाही, असा त्या शाळेचा आराखडा होता. जमातीतील अनेकांनी नाके मुरडली, देणग्या सहज मिळाल्या नाहीत. तरी काम थांबले नाही.

मुलींच्या बाबतीत तर ते आपल्या काळाच्या फार पुढे होते. स्वतःच्या सर्व मुलींना त्यांनी शाळेत घातले आणि 1904 साली दोघींना इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठविले. आपल्याकडे आजही सातवी झाली, की शाळा लांब आहे म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला टांगले जाते. अंतराची अडचण खोटी नाही, बस वेळेवर येत नाही हेही खरे. पण चार घरांनी मिळून मुलींना सोबतीने धाडण्याची व्यवस्था करता येते, आणि ती ज्या वस्तीत झाली तेथे मुली दहावीपर्यंत गेल्या आहेत.

पालकहो, शाळा बदलल्यावर पहिल्या सहामाहीचे गुण पाहून निकाल लावू नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा. एका गुरुजींऐवजी आता प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक आले आहेत, तासांचे वेळापत्रक आले आहे, हे मुलाला अंगवळणी पडायला वेळ लागतो. रोज मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसेल तरी जवळ बसून ऐका. आणि मुलांनो, वर्गात समजले नाही तर हात वर करायला लाजू नका. तुमच्या शेजारच्या बाकावरील मुलालाही बहुधा ते समजलेले नसते.

बद्रुद्दिन तय्यबजी 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन मुक्कामी अल्लाला प्यारे झाले. अंजुमनच्या शाळेची दगडी इमारत 1890 च्या सुमारास उभी राहू लागली आणि 1893 साली तिचे उद्घाटन झाले. जालन्याहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडताच ती समोर दिसेल. शाळा सुटण्याच्या वेळी तेथे थोडे थांबा, मुलांना बाहेर पडताना पाहा.