वादकांचे ऐकणारा कारागीर
विद्युत गिटारच्या ध्वनिवर्धकाला घडण देणारे लिओ फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. बालपणी त्यांनी एक डोळा गमावला. मंदीत हिशेबनिसाची नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये त्यांनी फुलरटन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक तेथे बिघडलेले ध्वनिवर्धक आणू लागले. अशा यंत्राचा आवाज बसला की दोष बहुधा जीर्ण व्हॉल्व्हचा वा सैल जोडणीचा असतो. फेंडर यांनी पुढे सहज उघडून दुरुस्त करता येतील असे दणकट ध्वनिवर्धक घडविले. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. म्हणूनच वादकांचा शब्द ते प्रमाण मानीत. प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये त्यांनी कंपनी विकली. मात्र २१ मार्च १९९१ रोजी निधन होईपर्यंत कामाशी नाते तोडले नाही.