नांगर धरणारा लोकप्रतिनिधि : फ्रान्स्वा झेविएर मात्यू

राज्याचा पाया केवळ तरवारीनेंच घातला जातो असें नाहीं. नांगर धरणाऱ्या हातांनींहि तो घातला आहे. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्याचे एक आद्य वसाहतकार फ्रान्स्वा झेविएर मात्यू यांचें चरित्र याची साक्ष देतें.

त्यांचा जन्म १८१८ सालीं कॅनडांत माँट्रियलजवळील तेरबोन येथें फ्रेंच कुळांत झाला. तारुण्यांतच ते ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १८३७-३८ च्या उठावांत सामील झाले. उठाव मोडला, आणि त्यांस स्वदेश सोडावा लागला. १८४२ सालीं ते एका तांड्याबरोबर ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यांत आले. तेथें हडसन्स बे कंपनीची चाकरी सोडून शेतीस लागलेल्या फ्रेंच कॅनेडियन कॅथलिकांची वस्ती होती. त्यांनीं सेंट पॉल येथें लांकडी ओंडक्यांचें देऊळ उभारिलें होतें. १८३९ च्या जानेवारींत फादर ब्लांशे यांनीं त्यांत पहिला मिस्साबलि अर्पण केला होता.

त्या प्रांतावर ब्रिटन व अमेरिका उभयतांचा हक्क; कायदा मात्र कोणाचाच नाहीं. ता. २ मे १८४३ रोजीं शांपोएग येथें वसाहतवाल्यांची सभा भरली. आपलें सरकार आपणच स्थापावें काय, हा प्रश्न होता. बहुतेक कॅनेडियन विरुद्ध होते. मात्यू ज्यांच्या घरीं राहत, त्या एत्येन ल्युसिए यांना अमेरिकन राज्यांत खिडक्यांवरहि कर बसेल अशी भीति वाटे. मात्यूंनीं त्यांचें समाधान केलें, व या दोघांच्या मतांनीं ५२ विरुद्ध ५० असा निकाल लागला, असें परंपरा सांगते. आंकड्यांविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. परंतु स्वजनांचा कल सोडून मात्यूंनीं विवेकाप्रमाणें कौल दिला, हें खरें धैर्य होय. मात्र त्या भूमीचे मूळ रहिवासी जे कालापूया लोक, त्यांस या सभेंत स्थान नव्हतें, हेंहि विसरतां कामा नये.

पुढें ब्यूटव्हिल येथें त्यांनीं शेती व दुकान चालविलें. १८५९ सालीं ओरेगॉन संघराज्याचें घटक झालें. १८७४ व १८७८ सालीं मात्यू विधिमंडळावर निवडून आले. १९०१ सालीं शांपोएग येथें स्मारकस्तंभ उभारला गेला, तेव्हां ते स्वतः हजर होते. ता. ४ फेब्रुवारी १९१४ रोजीं, ९५ वर्षांचें आयुष्य भोगून, ते परलोकवासी झाले.

प्रिय वाचकहो, ज्यांच्या पंक्तीस बसावयाचें त्यांच्याच विरुद्ध मत देणें सोपें नव्हे. मात्यूंनीं तें दिलें, आणि त्यांच्यांतच राहून आपलें शेत नांगरिलें.