ज्याचे नाव एका रोगाला मिळाले

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण म्हातारपणातले विसरणे हसण्यावारी नेतो. पण ऑगस्टे डेटर ही बाई १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आली, तेव्हा ती अवघी ५१ वर्षांची होती.

मानसशास्त्राच्या पुस्तकात अल्झायमर हे नाव मला रोगाचे म्हणूनच प्रथम भेटले. माणूस त्यामानाने उशिरा भेटला, आणि तोच मला अधिक ओढून घेत राहिला. अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ साली बव्हेरियातील मार्क्टब्राइट गावचा. १८८८ पासून ते या रुग्णालयात डॉक्टर होते. १९०१ च्या आरंभीच त्यांची पत्नी वारली. मागे तीन लहान मुले. अशा वर्षात ते ऑगस्टेपुढे बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून घेत. ताटात फ्लॉवर नि डुकराचे मांस असता ती पालक खाते आहे म्हणे. नवऱ्याचे नाव विचारले तर स्वतःचेच सांगे. नाव लिहायला घेतले की मध्येच हात थांबे.

पुढे ते म्युनिकला गेले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तिकडे मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पेशींमध्ये तंतूंच्या गाठी दिसल्या, पेशींबाहेर कसले तरी गोळे. निरोगी मेंदूतले तंतू जे रंग घेत नाहीत ते या गाठी घेत होत्या. तेव्हा तंतूंच्या द्रव्यातच रासायनिक बदल झाला असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. माझ्या मते त्यांचे मोठेपण या एका पावलात आहे. वेड म्हणून ज्याची बोळवण होई, त्याच्या मुळाशी त्यांना पदार्थ दिसला.

त्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात रोगाला त्यांचे नाव दिले.

त्या गोळ्यांत बीटा-अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन असते आणि गाठींत टाऊ, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. त्याआधी १९७६ च्या सुमारास अशा मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणारे विकर घटलेले आढळले होते. ते रसायन टिकवून धरणाऱ्या औषधांनी काहींना थोडाफार उतार पडतो. यांतले कारण कोणते नि परिणाम कोणता, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

अल्झायमर १९१२ साली ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले आणि १९१५ च्या डिसेंबरात वारले, वयाच्या ५१ व्या वर्षी. ऑगस्टेची कागदपत्रे १९९५ साली फ्रँकफुर्टला सापडली, आणि मागाहून म्युनिकला तिच्या मेंदूच्या काचपट्ट्याही. पुन्हा तपासल्या तेव्हा गाठी आणि गोळे दोन्ही जागच्या जागी होते.