शॅननला कामाला लावणारे मॅकलॉक्लिन



कोळसा आणि तेलाला पर्याय काय, ही चर्चा आयर्लंडमध्ये १०० वर्षांपूर्वीही झाली होती. ती घडवून आणली थॉमस मॅकलॉक्लिन या तरुण इंजिनिअरने.

जन्म १८९६, द्रॉहेडा. १९२२ मध्ये ते बर्लिनला सीमेन्समध्ये नोकरीला लागले. नोकरी परदेशात, पण डोक्यात विचार घरचा! देशाला कोळसा ब्रिटनमधून आणावा लागे आणि शॅननचे पाणी मात्र फुकट समुद्राला मिळत होते.

तिशीही न गाठलेल्या या माणसाने नव्या सरकारला जलविद्युत योजना पटवली. खर्च सुमारे ५२ लाख पौंड, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या बजेटचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एवढी वीज घेणार कोण, असे टीकाकार विचारत. तरी १९२५ मध्ये काम सुरू झाले आणि १९२९ मध्ये लिमरिकजवळच्या आर्डनाक्रुशाहून वीज वाहू लागली.

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या ईएसबीचे ते पहिले मॅनेजिंग डायरेक्टर. पण १९३१ मध्ये खर्चाच्या वादातून त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे ते संचालक म्हणून परतले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

योजनेची किंमत नदीनेही मोजली: शॅननमधले सॅमन मासे खूप घटले. पर्यायी ऊर्जाही फुकट नसते, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

जून २०२५ मध्ये शॅननच्याच मुखाजवळच्या मनीपॉइंट केंद्रात कोळसा जाळणे थांबले. आर्डनाक्रुशा मात्र अजून चालू आहे. लिमरिकला गेलात तर जरूर बघा!