स्वयंभूच्या टेकडीमागचा भिक्खू

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्यांचे नाव घेतले जात नाही असे व्यासपीठ शोधून सापडणार नाही. परंतु याच चंद्रमणींनी त्याआधी वीस वर्षे, १९३६ साली, कुशीनगरात एका अठरा वर्षांच्या नेपाळी तरुणाला चीवर दिले होते, आणि त्या तरुणाने पुढे एका हिंदू राज्याच्या राजधानीत भिक्खूसंघ पुन्हा उभा करण्यात आयुष्य घातले, हे आपल्या चळवळीत फारसे सांगितले जात नाही. भदंत अमृतानंद महास्थवीर हे त्यांचे नाव. बौद्ध जगात ते मोठे आहे. आपल्याकडेच ते अपरिचित राहिले.

आपल्याकडून लुंबिनीला धम्मसहली निघतात, त्यातल्या बऱ्याच काठमांडूपर्यंत जातात. मग स्वयंभूची टेकडी चढणे आलेच. पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्या, त्यावर मोठा पांढरा घुमट, चारी दिशांना रोखलेले डोळे आणि पिशवी हिसकायला टपलेली माकडे. १९७९ पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही गेलो तेव्हा आमचे लक्ष मात्र स्तूपाच्या आवारातल्या हारितीच्या देवळाकडे गेले. देवीच्या रोगापासून मुलांना राखणारी शीतला म्हणून हिंदूही तिथे नवस बोलतात. बौद्ध स्थळाच्या पोटात देवदेवता कशा येऊन बसतात, हे महाराष्ट्रातली लेणी पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

काठमांडूच्या नेवार समाजात बौद्ध धर्म कधी पूर्ण मेला नाही, हे खरे. पण तो जगला तो जातीत अडकून. जुन्या विहारांचे सभासदत्व शाक्य आणि वज्राचार्य या दोन कुळांत जन्मणाऱ्यांनाच. त्यांच्या मुलांचे डोके मुंडून त्यांना चार दिवस भिक्खू करायचे आणि मग चीवर उतरवून संसाराला लावायचे, अशी रीत पडली. भिक्खूपण चार दिवसांचे, जात मात्र जन्मभराची! शतकानुशतके स्तूप उभा होता, दिवे लागत होते, पण त्याच्या भोवती भिक्खूसंघ नव्हता.

अशा शाक्य घरात, पश्चिम नेपाळातल्या तानसेन गावी, १९१८ साली लालकाजी शाक्य जन्मला. त्याने चार दिवसांचे भिक्खूपण नाकारून जन्मभराचे मागितले, आणि ते मागायला त्याला देश सोडून कुशीनगर गाठावे लागले. चंद्रमणी मूळचे आराकानचे, पण त्यांनी तथागतांच्या महापरिनिर्वाणभूमीलाच आपले घर केले होते. तिथे लालकाजीचा अमृतानंद झाला.

त्या काळचा नेपाळ कसा होता हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. १८५४ साली जंगबहादूर राणाने मुलुकी ऐन नावाचा कायदा लागू केला. साऱ्या प्रजेला जातीच्या उतरंडीत बसवणारा आणि गुन्हा एकच असला तरी जातीनुसार शिक्षा वेगळी सांगणारा हा कायदा होता. मनुस्मृती आपल्याकडे पोथीत होती असे सांगून वेळ मारून नेणाऱ्यांनी हा ऐन जरूर वाचावा, तिथे ती सरकारी शिक्क्यासह राबवली जात होती. हिंदू धर्म सोडण्यास त्यात मुभा नव्हती. १९२६ साली चंद्र शमशेरच्या राजवटीने पाच भिक्खूंना त्यांच्या तिबेटी गुरूसह देशाबाहेर काढले. त्यातले महाप्रज्ञा हे जन्माने हिंदू श्रेष्ठ होते. त्यांनी बुद्धाला शरण जावे हाच अपराध. याच महाप्रज्ञांबरोबर तरुण अमृतानंद पूर्व नेपाळातल्या भोजपूरला प्रचाराला गेले आणि दोघांनाही तुरुंग पाहावा लागला.

पुढे अमृतानंदांनी श्रीलंकेत पाली आणि विनयाचे रीतसर शिक्षण घेतले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काठमांडूत परतले आणि स्वयंभूच्या पायथ्याशी किंडोल विहारात प्रवचने देऊ लागले. गर्दी लोटली. तिच्यात बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि राज्यकर्त्यांना तेच अधिक खुपले असावे असे आम्हाला वाटते. त्यांची प्रवचने कोणत्याही पुरोहिताच्या मंत्रात नव्हती, घरात बोलल्या जाणाऱ्या नेपाळ भाषेत होती, आणि त्या भाषेत लिहिणाऱ्यांनाही राणा राजवट तुरुंगात टाकत होती. याच सुमारास भिक्खू धर्मालोक यांनी टेकडीच्या मागच्या रानात आनंदकुटी विहार उभारला. व्यापार सोडून चीवर घेतलेला हा माणूस, त्याच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

३० जुलै १९४४ रोजी पंतप्रधान जुद्ध शमशेरच्या राजवटीने आठ भिक्खूंना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. हुकमाआधी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला होता. आपले धम्मकार्य थांबवतो असे लिहून द्या, सही करा आणि सुखाने राहा, असा त्याचा मतलब. एकानेही सही केली नाही. आम्ही वकिली करतो. दबावाखाली केलेल्या सह्यांचे कागद रोज हाताळतो आणि अशी सही नाकारायला काय लागते हे जाणतो. या आठांपाशी ना वकील होता, ना अपिलाचे कोर्ट, ना मूलभूत हक्कांचे कलम. पावसाळ्याचे दिवस होते. वर्षावासात भिक्खूने एका जागी राहावे असा विनयाचा नियम, तेव्हाच त्यांना डोंगर उतरून परमुलखात जावे लागले.

अमृतानंदांचे खरे मोठेपण इथून दिसते. ३० नोव्हेंबर १९४४ रोजी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. अध्यक्षपदी चंद्रमणी होते आणि धावपळीचा भार अमृतानंदांवर होता. त्यांनी हद्दपारीचा प्रश्न बौद्ध देशांपुढे नेला. १९४६ साली श्रीलंकेचे पूज्य नारद महास्थवीर यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना मंडळ काठमांडूला गेले, त्यात अमृतानंदही होते. पद्म शमशेर तेव्हा पंतप्रधान होता. बंदी उठली, भिक्खू परतले. बाहेरून आलेल्या मूठभर पाहुण्यांपुढे राणा राजवट नमली, कारण त्यांच्यामागे संघटना आणि जगाचे लक्ष होते.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषद काठमांडूला भरली. धर्मोदय सभा आणि अमृतानंद यजमान, राजा महेंद्र उद्घाटक. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना झाला होता आणि प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब तिथे गेले. २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. हे भाषण आपण पुन्हा पुन्हा छापतो, पण ते कुठल्या भूमीवर झाले याचा विचार करत नाही. लाखोंना हिंदू धर्माबाहेर काढणारा महामानव अशा देशात पाहुणा होता, जिथे एका माणसालाही तसे करण्याची कायद्याने मुभा नव्हती. परिषदेचे यजमान अमृतानंद आणि हे पाहुणे, दोघेही चंद्रमणींच्या हातून दीक्षित.

पुढच्या काळात अमृतानंदांनी स्वयंभूलाच शाळा चालवली, पाली ग्रंथ नेपाळ भाषेत आणले, देशोदेशी नेपाळचे प्रतिनिधित्व केले. राजदरबाराशी त्यांचे जुळते होते. राजाला उद्घाटनाला बोलावून मिळालेली सवलत म्हणजे हक्क नव्हे, असे आमचे मत आहे, आणि बाबासाहेबांच्या अनुयायांना ते पटावे. १९९० साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नव्या संविधानातही नेपाळ हिंदू राज्यच राहिले. २००६ साली ते धर्मनिरपेक्ष घोषित झाले. २०१५ च्या संविधानाने मात्र धर्मनिरपेक्षतेचा अर्थ लावताना सनातन काळापासून चालत आलेल्या धर्माच्या रक्षणाची शेपटी जोडली आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्यावर बंदीही ठेवली.

नेपाळला नावे ठेवण्याआधी आपल्याकडचे कागद पाहा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना हिंदूंच्याच रांगेत बसवतो. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म वेगळा आहे, म्हणून हिंदूने बौद्ध होण्यापूर्वी २००३ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. लग्न लावताना आपण हिंदू आणि दीक्षा घेताना परके! दीक्षेच्या दिवशी साहेबाच्या टेबलावर अर्ज ठेवून सहीची वाट पाहणारा आपला माणूस आणि १९४४ चे ते आठ भिक्खू यांत किती अंतर आहे, हे ज्याचे त्याने मोजावे.

पुढच्या धम्मसहलीत पायऱ्या चढून, फोटो काढून लगेच बसमध्ये बसू नका. स्तूपाला वळसा घालून टेकडीच्या मागच्या अंगाला उतरा. आनंदकुटी तिथे आहे. तिथल्या भिक्खूंना सांगा की आम्ही चंद्रमणींच्या नागपूरच्या शिष्याची माणसे आहोत.